साबणाच्या मेळ्यात स्पिरिट

फाल्गुन सरता सरता विदर्भातला मोह गळायला लागतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत आणि नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकच्या रानातही, उजाडायच्या आत माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात आणि रसरशीत पिवळट फुले वेचतात. फुले वाळतात, आंबतात आणि मडक्यावर मडके चढवून त्यांची पहिल्या धारेची दारू उतरते. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच झाडाची फळे पिकतात. त्यातली बी म्हणजे टोळ, काही भागांत टोरी. ती घाण्यात घातली की थंडीत तुपासारखे थिजणारे तेल मिळते. हे तेल पूर्वीपासून दिव्याला आणि स्वयंपाकाला वापरतात, आणि साबण बनवणारेही ते विकत घेतात. एकाच झाडाच्या फुलांतून अल्कोहोल आणि बियांतून साबण!

ही दोन भावंडे एकत्र आली की मात्र त्यांचे फारसे पटत नाही. त्याचा पुरावा स्वयंपाकघरात मिळतो. झाकणाच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत निव्वळ पाणी, दुसरीत अर्धे पाणी आणि अर्धे सर्जिकल स्पिरिट. दोन्हींत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-दोन थेंब टाकून झाकण लावून हलवावे. (शेगडीपासून दूर, स्पिरिट पेट घेते.) पहिल्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस येतो. दुसरीत चार बुडबुडे उठतात आणि बघता बघता फुटतात. साबण तेवढाच आहे, कुठे गेलेला नाही. बदलले आहे ते त्याच्या भोवतीचे पाणी.

फेस हा खरे तर वरवरचा खेळ आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागावर साबणाच्या रेणूंनी धरलेल्या पातळ पडद्याचा असतो. खरी घडामोड आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर चाललेली असते. तिथे साबणाचे रेणू एकत्र जमून गोळे करतात. या गोळ्याला मिसेल म्हणतात. पाण्यात अल्कोहोल, ग्लिसरीन किंवा अ‍ॅसिटोनसारखे सेंद्रिय द्रावक मिसळले की हे मेळे कधी लवकर भरतात, कधी उशिरा, तर कधी भरतच नाहीत. त्याची कारणमीमांसा गेली शंभर वर्षे रसायनशास्त्रज्ञांना कामाला लावत आली आहे.

मिसेल समजायला नागपूरच्या एखाद्या टपरीवरचा तर्री-पोहे खाऊन झालेला स्टीलचा चमचा पुरे. त्याला लाल तेलाचा थर असतो. नुसत्या पाण्याखाली धरला तर पाणी घसरून जाते, तेल जागच्या जागी. साबणाचा रेणू दोन स्वभावांचा असतो. एका टोकाला विद्युतभार असलेले डोके, ज्याला पाणी आवडते. दुसऱ्या टोकाला बारा ते अठरा कार्बन अणूंची लांब शेपटी, जी तेलाच्या जातीची. अशा दुतोंडी रेणूंना सरफॅक्टंट हे सामायिक नाव आहे. साबण, डिटर्जंट, शाम्पू आणि रिठ्यातले सॅपोनिन हे सगळे या एकाच घराण्यातले.

पाण्यात थोडेच सरफॅक्टंट टाकले तर रेणू सुटे फिरतात, बरेचसे पृष्ठभागावर शेपट्या हवेत काढून उभे राहतात. प्रमाण वाढत गेले की एका टप्प्यावर पृष्ठभाग भरतो आणि मग आतले रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर अशा गोळ्यांत जमू लागतात. तर्रीचे तेल या गोळ्यांच्या पोटात शिरते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. मेळा भरण्याच्या या किमान प्रमाणाला रसायनशास्त्रज्ञ सीएमसी म्हणतात. टूथपेस्ट आणि शाम्पूत वापरल्या जाणाऱ्या सोडियम डोडेसिल सल्फेट या सरफॅक्टंटचे उदाहरण सगळ्या पाठ्यपुस्तकांत असते. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात त्याची सीएमसी दर लिटरला सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण सव्वादोन-अडीच ग्रॅम. एका मिसेलमध्ये साठेक रेणू, आणि गोळ्याचा व्यास ४ नॅनोमीटरच्या आसपास. केसाच्या जाडीत असे हजारो गोळे ओळीने बसतील.

मिसेल हा शब्द मुळात वनस्पतिशास्त्राचा. कार्ल नेगेली या स्विस शास्त्रज्ञाने तो एकोणिसाव्या शतकात वापरला. त्याचे मूळ लॅटिन शब्दात, अर्थ बारीक कण. साबणाला तो जोडला जेम्स विल्यम मॅकबेन यांनी. मूळचे कॅनडाचे मॅकबेन इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला शिकवत असताना त्यांना एक कोडे छळत होते. साबणाच्या द्रावणात रेणू गोळा झालेले असावेत असे काही मापने सांगत, पण मग ते द्रावण वीज इतकी चांगली कशी वाहून नेते? त्यांनी १९१३ च्या सुमारास सांगितले की हे रेणू विद्युतभार टिकवूनच एकत्र येत असणार. लंडनच्या एका सभेत त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा अध्यक्षांनी "मूर्खपणा आहे हा, मॅकबेन" असे म्हणून त्यांना गप्प केले, ही कथा कोलॉइड शास्त्राच्या वर्गांत अजून सांगितली जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने गोष्टीचा पुढचा भाग जास्त रोचक आहे. ब्रिस्टलहून मॅकबेन अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, तिथून निवृत्त झाले, आणि स्वतंत्र भारताने पुण्यात उभारलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून इथे आले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. पाषाणच्या माळावर तिची घडी बसवणारे गृहस्थ म्हणजे साबणाच्या मेळ्याचा शोध लावणारे गृहस्थ! १९५२ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

नागपूरला तोवर तेल आणि साबणाचे शिक्षण रुळले होते. कामठीचे मँगनीजचे व्यापारी रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती नागपूर विद्यापीठाच्या नावे ठेवली. त्या देणगीतून १९४२ मध्ये अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. नागपूरकर तिला 'एलआयटी' म्हणतात. आता तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. सरकी, जवस, मोह अशा तेलबियांच्या मुलखात तेल तंत्रज्ञान ही तिथली जुनी शाखा. तेल तंत्रज्ञान शिकणाऱ्याची गाठ साबणाशी पडते, आणि साबण आला की मिसेल टळत नाही.

मिसेल मोजायचे कसे? ते दिसत नाहीत, पण विजेला कळतात. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत होणारा हा प्रयोग साधा आहे. बीकरमध्ये पाणी, त्यात बुडवलेला वाहकता मोजणारा सेल, आणि ब्युरेटमधून थोडे-थोडे सोडलेले सरफॅक्टंटचे द्रावण. दर वेळी आकडा लिहायचा, शेवटी आलेख काढायचा. सुट्या रेणूंचा सोडियम आयन मोकळा असतो, म्हणून वाहकता झपझप चढते. मिसेल बनू लागले की बरेचसे सोडियम आयन त्या विद्युतभारित गोळ्यांच्या आसपास अडकून राहतात आणि आलेखाची चढण मंदावते. चढणीला जिथे कोपर पडते, ती सीएमसी.

या प्रयोगात नागपूरची हवा आपला हिस्सा मागते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि डिसेंबरच्या रात्री दहाच्या खाली, अशा शहरात बीकर पाण्याच्या स्थिर तापमानाच्या टाकीत ठेवल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. काही सरफॅक्टंट तर ठरावीक तापमानाखाली मिसेल करतच नाहीत. केसांच्या कंडिशनरमधल्या द्रव्यांच्या जातकुळीतले सीटॅब हे त्यातले एक. पंचविशीच्या खाली त्याचे द्रावण हळूहळू स्फटिक टाकू लागते. हिवाळ्यात रात्रभर उघड्या टेबलावर राहिलेली त्याची बाटली सकाळी तळाशी पांढरा गाळ घेऊन बसते. ती खराब झालेली नसते. कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा स्वच्छ होते.

आता बीकरमध्ये अल्कोहोल घालायचे.

इथे पहिला धडा असा की मेळा भरवण्यामागचा मोठा हात साबणाचा नसून पाण्याचा असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात. त्या धरपकडीमुळेच पाण्याचा पृष्ठताण ७२ इतका चढा असतो, तर इथेनॉलचा त्याच एककात अवघा २२. या घट्ट गर्दीत तेलकट शेपटी घुसली की तिच्याभोवती पाण्याच्या रेणूंना आखडून, रचून उभे राहावे लागते. साठ शेपट्या एकत्र गुंडाळून ठेवल्या की पाण्याला पुन्हा हवे तसे वागायला मोकळीक मिळते. शेपट्यांना एकमेकींची फार ओढ असते असे नाही, पाणी त्यांना एका कोपऱ्यात ढकलते.

इथेनॉल हा या भांडणातला मध्यस्थ. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जुळते, दुसरे दोन कार्बनचे छोटे टोक तेलकट. तो पाण्यात मनसोक्त मिसळतो आणि शेपट्यांनाही सामावून घेतो. अशा मिश्रणात शेपटी सुटी राहिली तरी तिची किंमत पूर्वीइतकी भारी पडत नाही. मग मेळा भरायला जास्त रेणू लागतात, म्हणजे सीएमसी वाढते. भरलेला मेळाही लहान असतो. एका मिसेलमधल्या रेणूंची संख्या घटते.

दुसरे कारण विजेचे. पाण्यात दोन विद्युतभारांमधले बळ हवेपेक्षा साधारण ७८ पटींनी दुबळे होते. मिथेनॉलमध्ये ३३ पट, इथेनॉलमध्ये २४, अ‍ॅसिटोनमध्ये २१ आणि डायऑक्सेनमध्ये जेमतेम २ पट. पाण्यात यांपैकी काहीही मिसळले की विद्युतबळाला लागलेली ही वेसण सैल होते. मिसेलच्या पृष्ठभागावर सारख्या भाराची डोकी खेटून बसलेली असतात. ती एकमेकांना जास्त जोराने ढकलू लागतात आणि गोळा बांधून ठेवणे महाग होते.

पण फक्त विजेच्या हिशेबाने कोडे सुटत नाही. फॉर्मामाइड नावाच्या द्रवात तोच आकडा शंभराच्या वर, पाण्याहून जास्त. म्हणजे तिथे मेळे जोरात भरायला हवेत. प्रत्यक्षात ते पाण्यापेक्षा कितीतरी अवघड जातात, कारण फॉर्मामाइडचे रेणू एकमेकांना पाण्याइतके घट्ट धरत नाहीत. द्रावकाची आपापसातली धरपकड हीच शेवटी वरचढ ठरते.

प्रयोग करणाऱ्याला खरा चकवा मिळतो तो सुरुवातीच्या चमचाभर अल्कोहोलने. इथेनॉल अगदी थोडे घातले तर सोडियम डोडेसिल सल्फेटची सीएमसी वाढण्याऐवजी किंचित खाली येते. प्रमाण वाढवत नेले की आलेख वळतो आणि चढू लागतो. म्हणजे थोडे अल्कोहोल मेळ्याला मदत करते आणि जास्त झाले की तो मोडते. याचे कारण अल्कोहोलच्या शेपटीत आहे. जितकी शेपटी लांब, तितके ते पाण्यात राहण्यापेक्षा मिसेलच्या काठावर, साबणाच्या डोक्यांच्या मधोमध जाऊन बसते. भार नसलेले हे पाहुणे भारित डोक्यांत अंतर पाडतात आणि त्यांची ढकलाढकल कमी होते. ब्युटेनॉल आणि पेंटेनॉल या कामात तरबेज आहेत. ते थोड्या प्रमाणात सीएमसी चांगलीच खाली आणतात. शेपटीने आखूड असलेले मिथेनॉल बहुतेक पाण्यातच राहते. इथेनॉल या दोघांच्या सीमेवर, म्हणून त्याचे वागणे दोन्हीकडचे. ग्लिसरीन आणि इथिलीन ग्लायकॉल मात्र मिसेलच्या काठावर बसायला जात नाहीत. ते पाण्याच्याच बाजूने उभे राहून त्याची धार बोथट करतात आणि सीएमसी हळूहळू वर सरकते.

घरातल्या कपाटात या शास्त्राची बरीच उदाहरणे ओळीने उभी आहेत. डेटॉलची बाटली घ्या. आतला द्रव पारदर्शक, मधासारख्या रंगाचा. बादलीभर पाण्यात टोपणभर टाकले की दुधासारखे पांढरे. बाटलीत जंतुनाशक क्लोरोझायलेनॉल आणि सुगंधी पाइन तेल यांना एरंडेलाचा साबण आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी मिळून विरघळवून ठेवलेले असते. पाण्यात गेल्यावर अल्कोहोल पातळ होऊन जाते, साबणाला एकट्याने सगळा भार पेलवत नाही, आणि तेलकट द्रव्ये बारीक थेंबांत बाहेर पडून प्रकाश विखुरतात. फरशी पुसायच्या काळ्या फिनाईलला पाण्यात येणारा पांढरा रंगही याच कुळातला.

करोनाच्या काळात घरोघरी पोचलेला सॅनिटायझर हे उलटे टोक. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ८० टक्के इथेनॉल असते. एवढ्या अल्कोहोलमध्ये साबणाचा मेळा टिकत नाही, आणि त्याची तिथे गरजही नाही. विषाणूचे तेलकट आवरण अल्कोहोल स्वतःच फोडते. हातावरची तर्री किंवा ग्रीस काढायला मात्र सॅनिटायझर कुचकामी, कारण तेलाला पोटात घेऊन वाहून नेणारे मिसेल त्यात नाहीत. भांड्यांच्या लिक्विडमध्ये याच तत्त्वाचा बेताने उपयोग करतात. त्यात सरफॅक्टंट इतके दाट असते की तसेच ठेवले तर जेलीसारखे घट्ट व्हावे. म्हणून थोडे अल्कोहोल किंवा सोडियम झायलीन सल्फोनेटसारखे मदतनीस द्रव्य घालून ते धारेने ओतता येईल इतपत सैल ठेवतात.

अशा मदतनीस द्रव्यांना हायड्रोट्रोप म्हणतात. शेपटी इतकी आखूड की स्वतःचा मेळा धड भरवता येत नाही, पण तेलकट वस्तूंना पाण्यात उतरवायची हातोटी आहे. मुंबईच्या माटुंग्यातल्या यूडीसीटीमध्ये, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, डॉ. विलास गायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोट्रोपांवर भरपूर काम केले. काळ्या मिऱ्यातले पायपेरीन आणि हळदीतले कर्क्युमिनॉइड पाण्यातल्या हायड्रोट्रोपने काढता येतात, हे त्यांनी दाखवले. द्रावणात नंतर नुसते पाणी वाढवले की पकड सुटते आणि हवा तो पदार्थ खाली बसतो. ज्वालाग्राही द्रावकांनी भरलेली टाकी त्यासाठी लागत नाही.

औषधांत हाच खेळ जिवाशी येतो. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याच्या मूळ इंजेक्शनच्या कुपीत ते एरंडेलापासून बनवलेल्या एका सरफॅक्टंटमध्ये आणि अल्कोहोलमध्ये, साधारण निम्मे-निम्मे, विरघळवलेले असते. परिचारिका ती कुपी सलाइनमध्ये मिसळते तेव्हा अल्कोहोल पातळ होते, सरफॅक्टंटचे मिसेल तयार होतात आणि औषध त्यांच्या पोटात बसून शिरेतून जाते. हे सरफॅक्टंट काहींना तीव्र अ‍ॅलर्जी करते, म्हणून औषधाआधी रुग्णाला प्रतिबंधक औषधे दिली जातात.

पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रावकांची तऱ्हा निराळी. नागपुरी संत्र्याची साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात, त्या मुख्यतः लिमोनीनच्या. हे तेल पाण्याशी मध्यस्थी करायला जात नाही. थेट मिसेलच्या पोटात शिरते आणि त्याला फुगवते. ग्रीस काढणाऱ्या कित्येक 'ऑरेंज' क्लीनरमध्ये हीच जोडी असते: लिमोनीन ग्रीस विरघळवते, सरफॅक्टंट त्याला धुऊन नेते.

नागपूर वापरते त्यातले बरेचसे डिटर्जंट शेवटी नाग नदीच्या दिशेने वाहते. पाण्यात ते किती उरले, हे मोजण्याच्या जुन्या पद्धतीतही सेंद्रिय द्रावकच कामाला येते. नमुन्यात मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग टाकतात. त्याचा धनभारित रेणू डिटर्जंटच्या ऋणभारित रेणूशी जोडी करतो, आणि अशी जोडी पाणी सोडून खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरते. थर जितका गडद निळा, तितके डिटर्जंट जास्त. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.२ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. सीएमसीच्या मानाने हे प्रमाण हजारो पटींनी कमी. नदीतल्या डिटर्जंटला मेळा भरवायला माणसेच जमत नाहीत, तरी सुटे रेणू पृष्ठभागावर जमून बंधाऱ्याखाली फेस काढतात.

प्रयोगशाळेतल्या बीकरकडे परत यायचे तर, तिथे अल्कोहोलचे प्रमाण दहा, वीस, तीस टक्के असे वाढवत नेतात आणि दर वेळी नवा आलेख काढतात. निव्वळ पाण्यातल्या आलेखाचे कोपर इतके ठसठशीत असते की पट्टी न लावताही बोट ठेवता येते. पुढच्या प्रत्येक आलेखात ते थोडे गोलावते. मेळा आता ठरावीक क्षणी भरत नाही, रेणू चार-चार, दहा-दहाच्या घोळक्यांत येत-जात राहतात. चाळिशीच्या आसपास दोन्ही सरळ रेषा जवळजवळ एकच होतात. एकाच बाकावरचे दोन विद्यार्थी त्याच बिंदूंवर पट्टी ठेवतात, दोघांच्या रेषा वेगळ्या ठिकाणी छेदतात, आणि दोघेही आपापल्या वहीत आपला आकडा लिहितात.